आठ वर्षांच्या मुलाचे एडीएचडीचे निदान आणि कपाटात पडून राहिलेली गोळी

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा तिसरीत शिकतो, नोव्हेंबरमध्ये त्याला आठ वर्षे पूर्ण झाली. तो जागेवर बसत नाही, वही अर्धी सोडतो, डबा आणि कंपास शाळेत विसरतो, रांगेत ढकलाढकली करतो, अशी तक्रार शाळेकडून दुसऱ्यांदा आली. एका तज्ज्ञांनी पंधरा मिनिटे बोलून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असल्याचे सांगितले आणि त्यावरचे मिथाइलफेनिडेट हे औषध लिहून दिले. औषधाच्या दुकानात चिठ्ठीची दुसरी प्रत ठेवून घेतली गेली आणि वर "ही नशेच्या यादीतली गोळी आहे, जपून द्या" असेही ऐकवले गेले. सासऱ्यांचे म्हणणे, "ह्याचा बाबाबी असाच होता, मोठा झाल्यावर सुधारला, पोराला तालमीत घाला." पतींना पोराला गोळ्यांची सवय लागेल असे वाटते. दीड महिना झाला, पट्टी कपाटात तशीच आहे. निदान खरे असेल का, गोळी सुरू करावी का, सवय लागेल का आणि ती जन्मभर घ्यावी लागेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, तुमचे प्रश्न चार आहेत, पण चारही प्रश्नांच्या तळाशी मला एकच भीती दिसते, ती म्हणजे पट्टी एकदा फोडली की परत फिरता येणार नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते. परत फिरता येते. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तिचे काम सुरू होते आणि साधारण चार तासांत संपते. लांब पल्ल्याच्या गोळीचा परिणाम आठ ते बारा तास टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा मुलगा जसा होता तसाच तुमच्यासमोर असतो. म्हणजे आज तुम्हाला जन्माचा निर्णय घ्यायचा नाही. चार ते सहा आठवडे मोजूनमापून हे औषध देऊन पाहायचे का, एवढाच निर्णय घ्यायचा आहे, आणि उपयोग दिसला नाही तर ते थांबवण्याचा अधिकारही तुमच्याकडेच राहतो.

मात्र त्याआधी निदान पक्के हवे, आणि पंधरा मिनिटांत झालेले निदान मला पक्के वाटत नाही. ते चुकलेच असे मी म्हणत नाही. बाहेर पन्नास रुग्ण बसलेले असताना अनुभवी डोळ्याला आलेला अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो. पण एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नाही, ईईजी म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख नाही, मेंदूचा स्कॅनही नाही; जे काही आहे ते माहिती गोळा करणे आहे, आणि त्याला वेळ लागतो. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निकषांप्रमाणे मुलांमध्ये अवधान न टिकण्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा, किंवा अतिचंचलता व उतावीळपणा यांच्या नऊपैकी किमान सहा लक्षणे किमान सहा महिने, वयाच्या मानाने जास्त प्रमाणात असावी लागतात. त्यांपैकी काही बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, ती एकाहून अधिक ठिकाणी म्हणजे घरी आणि शाळेतही दिसावी लागतात, आणि त्यांनी मुलाचे खरोखर काही अडत असावे लागते. शाळेकडून काहीही लेखी न घेता केलेले निदान त्यामुळे अर्धेच राहते. वर्गशिक्षिकेला व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्स यांसारखी प्रश्नावली भरायला द्यावी. तिला दहा-पंधरा मिनिटे लागतात. "फार मस्ती करतो" या वाक्यातून मला जे कळत नाही, ते त्या कागदावरून कळते.

मुलगा डॉक्टरांच्या खोलीत शांत बसला होता, मग एडीएचडी कसा, असे तुम्ही लिहिले आहे. ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकायला मिळते. नवी जागा, एकच मोठे माणूस आणि त्याचे पूर्ण लक्ष आपल्याकडे, अशा वेळी ही मुले वीस मिनिटे उत्तम बसतात; मोबाइलसमोर तर दोन तास बसतात. लक्ष मुळातच नाही, असे या विकारात नसते. जे काम कंटाळवाणे आहे आणि ज्याचे फळ लगेच मिळत नाही, त्यावर ते टिकवून धरता येत नाही. म्हणून मी मुलाला बारा बेरीज-वजाबाक्यांचा एक कागद देते आणि दुसऱ्या टेबलावर काहीतरी लिहीत बसते. पहिली चार उदाहरणे सुबक आणि बरोबर येतात. पाचव्यात अधिकाचे चिन्ह वजा वाचलेले असते, सातव्यात हातचा राहिलेला असतो, आठवे आणि नववे सुटलेले असते आणि कागदाच्या कोपऱ्यात एक ट्रॅक्टर उमटलेला असतो. ज्याला गणितच येत नाही त्याचा कागद असा दिसत नाही. त्याचे पहिलेही चुकते.

दुसऱ्या कारणांची चाळणी लावणे मी कधीच सोडत नाही. कान आणि डोळे तपासावेत. हिमोग्लोबिन आणि लक्षणांवरून गरज वाटल्यास थायरॉइड पाहावे. मुलगा रात्री तोंड उघडे टाकून घोरत असेल तर ॲडेनॉइड म्हणजे नाकामागच्या गाठी पाहाव्यात, कारण झोप तुटलेले मूल मोठ्या माणसासारखे पेंगत नाही, ते दिवसभर धुमाकूळ घालते. वाचन-लेखनाची अक्षमता वेगळी तपासावी लागते. ती एडीएचडीसोबत पुष्कळ मुलांत असते आणि गोळीने ती जात नाही. तिसरीचे वर्ष त्या तपासणीसाठी योग्यच आहे. घरातील ताण, भीती, शाळेतील छळ हेही विचारावे लागते. शिवाय तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे: नोव्हेंबरचा जन्म असल्यामुळे तो वर्गातल्या सर्वांत लहान मुलांपैकी असणार. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का तुलनेने अधिक बसतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. जानेवारीत जन्मलेल्या वर्गमित्राशी त्याची तुलना होते आणि त्या वयात दहा महिने ही थोडी गोष्ट नसते. तपासणाऱ्याने ही जन्मतारीख डोळ्यांसमोर ठेवली होती का, हे विचारा.

ही चाळणी मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण एकदा माझ्याकडूनच ती नीट लागली नव्हती. दहा वर्षांची एक मुलगी होती, शाळेच्या मते स्वप्नाळू. मी लक्ष न लागण्याच्या प्रकारचा एडीएचडी लिहून औषध सुरू केले आणि दोन महिने काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या भेटीत ती माझ्याशी बोलता बोलता आठ-दहा सेकंद थांबली, पापण्या किंचित फडफडल्या आणि जणू काही घडलेच नाही अशी ती पुढे बोलू लागली. तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावल्यावर तेच पुन्हा झाले. ते अपस्माराचे बारीक झटके होते आणि ईईजीने ते पक्के केले. पहिल्याच दिवशी आईने "बोलता बोलता मध्येच थांबते" असे सांगितले होते. माझ्या कागदावर ते माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

आता सासऱ्यांविषयी. त्यांचे वाक्य तुम्ही आक्षेप म्हणून लिहिले आहे, पण मला ते पुरावा म्हणून अधिक उपयोगाचे वाटते. एडीएचडी हा घराण्यात उतरणारा विकार आहे. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून त्यातील आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास धरला जातो. मुलाचे वडीलही असेच होते, हे त्यांनी सांगितले आहे. तर वडिलांची शाळा कशी गेली, किती मार खाल्ला, किती नोकऱ्या बदलल्या, गाडीवरून किती वेळा पडले, हेही त्यांना शांतपणे विचारा. वयाबरोबर धावाधाव कमी होते हे आजोबांचे निरीक्षण खरेच आहे. विस्कळीतपणा, विसर आणि उतावीळपणा मात्र निम्म्याहून अधिक जणांत या ना त्या प्रमाणात मोठेपणीही राहतो. तुमच्या लाडामुळे, नोकरीमुळे किंवा मोबाइलमुळे हा विकार झाला, असा दोष स्वतःकडे घेण्याचे कारण नाही. गुळाच्या गावात राहून गोडामुळे मूल चेकाळते असे म्हणणारेही खूप भेटतात. नियंत्रित प्रयोगांत साखरेचा आणि चंचलतेचा असा संबंध आढळलेला नाही.

तालमीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पहाटे उठणे, वस्तादांचा धाक, ठरलेल्या जोर-बैठका, थकवून टाकणारी कसरत या सगळ्याचा या मुलांना फायदाच होतो, आणि फुटबॉल आवडत असेल तर तोही चालेल. पण तालमीतून आल्यावर तिसरीचा धडा उतरवून घ्यायचा असतो, तिथे वस्ताद नसतात. त्यामुळे तालीम औषधाच्या जोडीला ठेवावी, औषधाऐवजी नव्हे. पुढे तो मोठ्या स्पर्धांत उतरला तर एक गोष्ट आठवणीत असू द्या: मिथाइलफेनिडेट हे जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेच्या यादीत स्पर्धेच्या काळापुरते बंदी असलेले औषध आहे आणि त्यासाठी वैद्यकीय सवलत आधी मागून घ्यावी लागते.

दुकानदाराच्या बोलण्याकडे वळते. त्यांनी प्रत ठेवून घेतली ती कायद्याप्रमाणे. मिथाइलफेनिडेट औषधविषयक नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानाला दोन वर्षे जपावी लागते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही त्याचे नाव मनोप्रभावी पदार्थ म्हणून आहे. याचे कारण असे की मोठ्या मात्रेत, चुकीच्या मार्गाने आणि चुकीच्या माणसाने घेतल्यास त्याचा गैरवापर होऊ शकतो. आठ वर्षांच्या मुलाला तोंडाने, ठरलेल्या मात्रेत दिलेल्या गोळीने नशा येत नाही आणि तलफही लागत नाही. उलट गोळी घ्यायला मुलेच विसरतात, ही आमची रोजची तक्रार आहे. गोळी मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात असावी, एवढी काळजी पुरेशी आहे. लहानपणी हे औषध घेतल्याने पुढे व्यसन वाढते असे दीर्घ अभ्यासांत दिसलेले नाही. ज्यांचा उतावीळपणा कधीच कोणी पाहिला नाही, अशी पंधरा-सोळा वर्षांची मुले मी तंबाखूचा मावा तोंडात आणि प्लास्टर पायाला अशा अवस्थेत पाहिली आहेत. भीती वाटायचीच असेल तर ती मला त्या बाजूची वाटते. व्यावहारिक अडचण एवढीच, की हे औषध प्रत्येक दुकानात मिळत नाही आणि जुन्या चिठ्ठीवर पुन्हा देत नाहीत. पट्टीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची चिठ्ठी घ्यावी.

निदान पक्के झाले तर चार ते सहा आठवडे कसे काढायचे, ते सविस्तर सांगते. सुरुवातीपूर्वी डॉक्टरांनी उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब नोंदवायला हवा, आणि मुलाला धावताना कधी चक्कर येऊन तो पडला होता का, हृदयाचा काही दोष सांगितला होता का, कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक गेले का, हे विचारायला हवे. विचारले नसेल तर तुम्ही आपणहून सांगा. मात्रा बहुधा ५ मिलिग्रॅमसारख्या छोट्या आकड्यापासून सुरू होते आणि आठवड्या-आठवड्याने वाढवली जाते. पहिल्या आठवड्यात काही दिसले नाही म्हणून औषध निकामी ठरवू नये. पहिली गोळी रविवारी सकाळी, तुम्ही दोघे घरी असताना द्यावी, म्हणजे धास्ती कमी होते.

एक साधी वही करा आणि मोजण्यासाठी तीनच गोष्टी निवडा, त्याही डोळ्यांना दिसणाऱ्या. उदाहरणार्थ, फळ्यावरचे किती उतरवून घेतले, गृहपाठाला बसल्यावर किती वेळा उठला, आणि दिवसात किती भांडणे झाली. औषधापूर्वीचा एक आठवडा आधी लिहून काढा. तो नसेल तर पुढचे सगळे आकडे हवेत राहतात. पहिल्या गोष्टीसाठी वर्गशिक्षिकेला रोज शून्य ते तीन असा एकच आकडा लिहायला सांगा. लांब शेरे मागितले तर चौथ्या दिवशी वही कोरी येते. दुसऱ्या बाजूला भूक, झोप, डोकेदुखी, पोटदुखी आणि संध्याकाळचा मूड लिहा. "जरा बरा वाटतोय" या वाक्यावर मी मात्रा ठरवू शकत नाही, पण उठण्याची संख्या अकरावरून चारवर आली, यावर ठरवू शकते. साधारण दहापैकी सात मुलांत उपयोग दिसतो. उरलेल्यांत दुसरे औषध किंवा निदानाचा फेरविचार हे मार्ग राहतात.

भूक हा सर्वांत जास्त छळणारा त्रास आहे. दुपारचा डबा तसाच परत येईल, आणि त्यावरून आजी गोळी बंद करायला लावतील. म्हणून गोळी पोटभर न्याहारीनंतरच द्यावी. पोहे, अंडे, भाकरी-दूध, जे तो खातो ते, तूप-शेंगदाणे सढळ ठेवून. दुपारी आग्रह करू नये. संध्याकाळी औषध उतरले की भूक उसळते. त्या वेळी चिप्सचे पाकीट हाती न देता पूर्ण जेवणच वाढावे आणि झोपण्यापूर्वी पुन्हा काही द्यावे. औषध उतरताना तासभर चिडचिड, रडरड होऊ शकते. तो तास गृहपाठाचा ठेवू नये. झोप यायला उशीर होत असेल तर दुपारची मात्रा अलीकडे आणावी लागते. वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी आलेखावर मांडायला हवी, कारण दीर्घकाळ सलग घेणाऱ्या काही मुलांत उंची एक-दोन सेंटीमीटरने मागे राहते, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मूल अगदी गप्प, निर्जीव, "पुतळ्यासारखे" झाले तर औषध गुणकारी ठरले असे समजू नका. मात्रा जास्त झाली आहे, लगेच कळवा. नवे चाळे म्हणजे डोळे मिचकावणे, मान झटकणे दिसले, छातीत धडधड किंवा भोवळ आली, तरी कळवा. लांब पल्ल्याची गोळी मधात कुटून कधीच देऊ नये, कारण मग बारा तासांचा माल एकदम सुटतो.

मिथाइलफेनिडेट जमले नाही तर ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध आहे. ते शेड्यूल एक्समध्ये नाही, पण रोज द्यावे लागते, त्याचा गुण यायला चार-सहा आठवडे किंवा अधिक लागतात, मळमळ आणि पेंग येऊ शकते, आणि मुलाच्या मनात निराशेचे किंवा जीव देण्याचे विचार येतात का याकडे, विशेषतः सुरुवातीला, लक्ष ठेवावे लागते. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे, मेंदूचे 'मॅपिंग' करून पॅकेज विकणारे आणि स्मरणशक्तीचे टॉनिक देणारे यांच्यावर पैसे घालवू नका. आजींना दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढू द्या; मीठ-मोहरीचे दुष्परिणाम नाहीत.

गोळीने काय होत नाही, हेही स्पष्ट असावे. उत्तर अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात चौदा महिन्यांच्या शेवटी मूळ लक्षणांवर काटेकोरपणे दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. मात्र तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटागटांतील तो फरक पुसला गेला होता. मी त्याचा अर्थ असा घेते की औषध रोजच्या कामासाठी खिडकी उघडते, पण त्या वेळात मूल काय शिकते ते घराने आणि शाळेने ठरवायचे असते. सहा वर्षांखालील मुलांत तर पालकांचे प्रशिक्षणच आधी, आणि गोळी नंतर. तुमच्याकडे ते दोन्ही एकत्र चालावे. स्वयंपाकघरातून "अरे दप्तर भर, बूट काढ, हात धू" अशी हाक गेली की त्यातले शेवटचे एकच, किंवा एकही नाही, त्याच्यापर्यंत पोहोचते. जवळ जावे, खांद्यावर हात ठेवावा, नाव घ्यावे, एकच काम सांगावे आणि पाच सेकंद गप्प उभे राहावे. काम झाले की तिथल्या तिथे दाद द्यावी. परीक्षेनंतरची सायकल या मुलांसाठी फार लांब असते. गृहपाठ दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून घ्यावा. मार बंद करावा, घरात आणि शाळेतही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच तो निषिद्ध आहे.

शाळेला सांगावे की नाही, याबद्दल माझे मत वर्गशिक्षिकेला सांगावे, साऱ्या शाळेला नव्हे, असे आहे. पुढचा बाक, खिडकी-दारापासून दूर, आणि मधूनमधून खडू आणायला पाठवणे, एवढे मागावे. एडीएचडी असले की परीक्षेतील सवलती आपोआप मिळतात, असा एक गैरसमज आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे आहे. म्हणूनच ती तपासणी वेगळी करून घ्या, असे मी वर म्हटले. दुसऱ्या मतासाठी खर्च अडत असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जावे. रात्री-अपरात्री नुसते बोलायचे असेल तर १४४१६ ही टेलिमानसची मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा मराठीतही बोलते.

मुलाला गोळी "ताकदीची" म्हणून देऊ नका. त्याला एक दिवस कळतेच, आणि मग तो तुमच्या इतर गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. लक्ष एका जागी राहायला मदत करणारी गोळी आहे, काही वेगळे वाटले तर मला लगेच सांग, एवढे सांगणे त्याच्या वयाला पुरते. नंतर त्यालाच विचारा की काय फरक पडला. माझ्या एका चौथीतल्या रुग्णाने दिलेले उत्तर मी नव्या पालकांना सांगत असते: "आता बाईंचं वाक्य शेवटापर्यंत ऐकायला येतंय."

जन्मभराच्या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी नव्याने मिळवायचे असते. गुण आला तर वर्षभर द्यावे आणि मग डॉक्टरांशी ठरवून एक-दोन आठवडे बंद ठेवून पाहावे. ही चाचणी मे महिन्याच्या सुट्टीत करण्याचा मोह होतो, पण सुट्टीत काही कळत नाही, आणि जूनमध्ये नवे वर्ग, नव्या बाई असतात, मार्चमध्ये परीक्षा. दिवाळीची सुट्टी संपून शाळेची घडी बसली, की नोव्हेंबरअखेरचा सोमवार धरावा आणि त्या दिवसापासून तीच जुनी वही, त्याच तीन रकान्यांसह पुन्हा काढावी.